‘अस्कान्स’: संशय कोणाला, कोणाचा?

मंडळी, फळ्यावरचा इंग्रजी शब्द ‘अस्कान्स’ (askance), ढोबळ अर्थ संशयाने, नापसंतीने (बघणे). जोर ‘कान्स’वर. पुढे ‘आस्क’ दिसतं म्हणून विचारण्याशी नातं जोडू नका. शब्द नेमका कुठून आला, हे कोशकारांनाही पक्कं सांगता येत नाही.

वापराचे नियम सांगायचं कबूल केलंय, सांगतोच. त्याआधी जरा इंग्रज कवी मिल्टनकडे जाऊ. १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये चौथ्या सर्गात आदम-ईव्हचं सुख बघवत नाही म्हणून सैतान तोंड फिरवतो आणि त्यांच्याकडे ‘अस्कान्स’ बघतो. तिथे मत्सर आहे. दहाव्या सर्गात देवदूत पृथ्वीचे ध्रुव ‘अस्कान्स’ वळवतात, वीस अंश आणि वर काही. (भूगोलाचे मास्तर साडेतेवीस म्हणतील, कवीला अर्धे मार्क तरी द्या.) आता ध्रुव कोणावर संशय घेणार? तिथे अर्थ नुसता ‘तिरपे’. या शब्दात आधी आला तिरपेपणा. संशय आणि नापसंती त्यावर मागाहून चढली.

गाइडं हे सांगत नाहीत. ‘अस्कान्स म्हणजे संशयाने’, संपलं! मग मुलं ‘सस्पिशसली’ (suspiciously) खोडून तिथे हा बसवतात, आणि बिघडतं ते इथेच. ‘सस्पिशसली’ दोन्ही दिशांनी चालतो. ‘ही लुक्ड ॲट मी सस्पिशसली’ म्हटलं की संशय बघणाऱ्याच्या मनात. ‘ही वॉज बिहेविंग सस्पिशसली’ म्हटलं की वागणंच संशयास्पद, संशय आपल्याला येतो. ‘सस्पिशसली चीप’ मोबाइल घ्यावा की नाही, हेही आपणच ठरवायचं. ‘अस्कान्स’ला यातली पहिलीच दिशा ठाऊक. ‘द थीफ वॉक्ड अस्कान्स’ लिहाल तर चोर खेकड्यासारखा चालेल.

भाषांतरातही जपून. ‘तिरपा कटाक्ष’ लिहिलात की वाचकाला ढोलकी ऐकू येते. ‘वक्रदृष्टी’ शनीची, तिथे पीडा आहे. ‘साशंक नजरेने’ बरंचसं जवळ जातं, पण नापसंती निसटते. ‘नाक मुरडणे’मध्ये नापसंती सापडते, तर संशय निसटतो. संदर्भ बघून एक सोडावं लागतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे नियम आता पळत पळत.

क्रियापद बहुधा ‘लुक’, आणि मग ‘ॲट’ हवंच: ‘लुक अस्कान्स ॲट द प्लॅन’. ‘आय’ (eye, न्याहाळणे) किंवा ‘व्ह्यू’ असेल तर ‘ॲट’ नको: ‘आइड हिम अस्कान्स’. ‘विथ अस्कान्स’ चूक, कारण हे नाम नव्हे. ‘ॲन अस्कान्स लुक’ क्वचित दिसतं, परीक्षेत टाळा.

डोळे खरोखर तिरपे व्हायला हवेत असं नाही. ‘बँक्स लुक अस्कान्स ॲट सच लोन्स’ बिनदिक्कत चालतं. मात्र तिथे बँकेने कर्ज नाकारलं असा अर्थ घेऊ नका. ती फक्त नाखूश आहे. कर्ज कदाचित देईलही.