भिंतीत साठवलेलं ऊन

(दृश्य: सिंधूचा काठ, उघडेबोडके डोंगर. जानेवारीतली सकाळ.)

लेहपासून साधारण 18 किलोमीटरवर फे नावाचं गाव आहे. हिवाळ्यात इथं रात्रीचा पारा उणे 15, कधी उणे 20 पर्यंत उतरतो. गावाबाहेरच्या ओसाड माळावर ‘सेकमॉल’चं आवार आहे. सोनम वांगचुक आणि त्यांच्याबरोबरच्या लडाखी तरुणांनी 1988 साली ही संस्था सुरू केली. दहावीत नापास झालेली मुलंमुली इथं राहून शिकतात आणि आवाराचा कारभारही स्वतःच चालवतात. विजेसाठी सौर पॅनेल आहेत, स्वयंपाकासाठी सूर्यचुली. राहत्या खोल्या मात्र कशावरच तापवलेल्या नाहीत. बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी) नाही, हीटर नाही. तरी आत स्वेटर घालून निवांत वाचत बसता येतं.

विजेच्या तारेविना घर म्हटलं की आपण लगेच विचारतो, पॅनेल किती, बॅटऱ्या किती? लडाखात हा प्रश्न दुसरा. दिवे आणि फोन थोडक्या विजेवर भागतात; खरी वीज खाते ती थंडी. खोल्या विजेवर तापवायच्या म्हटल्या, तर पॅनेल मांडायला छप्पर पुरायचं नाही. म्हणून इथला हिशेब दिशेपासून आणि भिंतीपासून सुरू होतो.

(दृश्य: दक्षिणेकडची काच, आत खोलवर पोचलेलं ऊन.)

लेह 34 अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32 अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या काचेतून तिरपं ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत जातं. जूनमध्ये तोच सूर्य 79 अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो आणि खिडकीतून फारसा आत शिरत नाही. घर लांबीनं दक्षिणेकडे तोंड करून बांधलं की हे काम फुकटात होतं.

आत आलेलं ऊन साठवते माती.

(दृश्य: लाकडी फळ्यांचा साचा, माती चोपणारे हात.)

ही माती चिखलासारखी ओली नसते. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण तळहाताला चिकटू नये, इतपतच ओल. साच्यात वीतभर थर टाकायचा, धुमसानं चोपायचा, आवाज टणक झाला की पुढचा थर. अशी जाड भिंत दिवसभर ऊब पिते आणि रात्री सावकाश सोडते.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण मातीच्या घरांबद्दल बोलताना ती हमखास सुटते. माती ऊब साठवते, पण अडवत नाही. बाहेर उणे 15 असेल, तर नुसती जाड भिंत आतली ऊब बाहेरही तितक्याच इमानानं सोडत राहील. ती अडवायला वेगळा थर लागतो. तो इथं भरलाय भुसा, रंधा मारून निघालेल्या ढलप्या, पेंढा, रद्दी कागद आणि टाकाऊ प्लास्टिकचा. दोन भिंतींमधल्या पोकळीत आणि छपरात तो ठासलेला आहे. या घराची निम्मी अक्कल या न दिसणाऱ्या थरात आहे, असं मला वाटतं.

हिवाळ्यात दक्षिणेच्या बाजूला प्लास्टिकच्या कागदाचं हरितगृह उभं राहतं. आत भाजी पिकते आणि तापलेली हवा खोल्यांत घेतली जाते. त्यासाठी माणसानं मात्र जागं राहायला हवं. ऊन चढलं की दारं उघडायची, कललं की बंद करायची. एका संध्याकाळी हे विसरलं, तर दिवसभराची कमाई तासाभरात आभाळात जाते. वसंतात हाच कागद गुंडाळून ठेवला, की घर उन्हाळ्यात थंड राहतं.

2016 साली फ्रान्समधल्या ल्योंला, मातीच्या वास्तुकलेसाठीच्या आंतरराष्ट्रीय ‘टेरा’ पुरस्कारानं इथली मुख्य इमारत गौरवली गेली. फेब्रुवारी 2021 मध्ये वांगचुक यांनी जवानांसाठी उन्हावर तापणारा तंबू केला. रात्री 10 वाजता बाहेर उणे 14 अंश आणि तंबूत अधिक 15, हे आकडे त्यांनीच जाहीर केले.

(दृश्य: भारताचा नकाशा, लेहवरून सरकत नागपूरकडे.)

हे पाहून महाराष्ट्रात कुणी जसंच्या तसं घर बांधायला घेतलं, तर मे महिन्यात पस्तावेल. आपल्याकडे झगडा थंडीशी नाही, उन्हाशी आहे. जूनमध्ये नागपूरच्या दुपारी सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला जातो, आणि भिंतींना सर्वांत जास्त भाजतं ते पश्चिमेचं ऊन. म्हणजे इथं पश्चिमेची भिंत झाडांच्या किंवा पडवीच्या सावलीत हवी, काच मोजकी हवी, रात्रीची गार हवा घरात खेळती हवी. पाऊसही लेहच्या कितीतरी पट, तेव्हा मातीच्या भिंतीला दगडी जोतं आणि चांगल्या लांब वळचणी लागतील. उष्णता अडवणारा थर मात्र दोन्हीकडे सारखाच लागतो. आपल्याकडे त्याची पहिली जागा छपरात.