काउंटर बंद करून पुन्हा चालू करा

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात साउथ वॉर्नबरो हे लहानसे गाव आहे. तेथे जो हॅमिल्टन किराणा दुकानाबरोबर पोस्टाचा काउंटरही चालवीत असत. 2003 मध्ये त्यांच्या संगणकावर सुमारे 2,000 पौंडांची तूट दिसू लागली. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला, पलीकडून सांगितली गेली ती बटणे क्रमाने दाबली, आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट होऊन 4,000 पौंडांवर गेली. ही रक्कम त्यांच्याकडूनच वसूल करण्यात आली.

त्या संगणकप्रणालीचे नाव होरायझन. ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या शाखांमध्ये ती 1999 पासून बसवली जाऊ लागली आणि तिच्या देखभालीचे काम फुजित्सु कंपनीकडे होते. शाखा चालवणारे सब-पोस्टमास्टर हे नोकर नव्हते, कंत्राटदार होते. हिशेबात तूट आली की ती त्यांनी भरायची, हा व्यवहार पोस्ट ऑफिसने गृहीतच धरला होता. तंत्रज्ञाने एखादा दोष वरवर झाकला, तर त्याचा खर्च ना तंत्रज्ञाच्या खात्यावर पडत होता ना कंपनीच्या. तो थेट काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातून जात होता.

स्कॉटलंडमधील फॉल्कर्क शहरातील कॅलेंडर स्क्वेअर शाखेचे उदाहरण पाहू. एका शाखेत अनेक काउंटर असत आणि एका काउंटरवरील नोंद आपोआप दुसऱ्या काउंटरवर पोहोचणे अपेक्षित असे. परंतु एका वेळी एकाच कामाला नोंदींपर्यंत जाऊ देणारे प्रणालीतील एक संगणकीय कुलूप कधीकधी अडकून बसे आणि नोंदींची ही देवाणघेवाण थांबे. मग एका काउंटरवर स्वीकारलेली रोकड दुसऱ्याला ‘अजून स्वीकारायची आहे’ अशी दिसे. कर्मचारी ती पुन्हा स्वीकारी, आणि कागदावर एकच पैसा दोनदा जमा होई. प्रत्यक्ष गल्ल्यात तो एकदाच असल्यामुळे संध्याकाळी हिशेबाला तूट येणे ठरलेलेच होते.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे काउंटर बंद करून पुन्हा चालू करणे. त्याने अडकलेले कुलूप सुटे, एवढे खरे. पण दोनदा झालेली नोंद त्याने पुसली जात नसे आणि कुलूप पुन्हा का अडकते, हा प्रश्न तसाच राही. हा दोष 2000 पासून प्रणालीत होता. दुरुस्ती आली ती 2006 च्या मार्चमध्ये. मशीन पुन्हा चालू करणे हा मुळात वाईट उपाय नव्हे, ग्राहकांची रांग लागलेली असताना तोच शहाणपणाचा असतो. वाईट हे, की मशीन चालू झाले की तक्रारही निकाली निघाल्याचे मानले जाते. वेळ मारून नेण्याचे काम असे नोंदवहीत यश म्हणून जमा होते.

फुजित्सुच्या ब्रॅकनेल येथील कार्यालयात तिसऱ्या फळीचे, म्हणजे हेल्पलाइनला न सुटलेल्या तक्रारी हाताळणारे तंत्रज्ञ बसत. त्यांना हे दोष माहीत होते. ज्ञात दोषांची एक अंतर्गत नोंदवही होती आणि कोणत्या लक्षणावर काय करावे, हे तीत लिहिलेले असे. शाखांच्या नोंदींमध्ये दुरून फेरफार करण्याची सोयही त्यांच्याकडे होती. हेल्पलाइनवर मात्र अनेक सब-पोस्टमास्टरांना एकच वाक्य ऐकवले गेले, की अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे.

2010 मध्ये जमा आणि खर्च यांचा मेळ न बसण्याचा आणखी एक दोष 60 च्या आसपास शाखांत आढळला. पोस्ट ऑफिस आणि फुजित्सु यांच्या बैठकीच्या टिपणात उपायांचे पर्याय मांडलेले आहेत आणि त्यांपैकी एक होता शाखेतील आकडाच बदलण्याचा. ही गोष्ट बाहेर गेल्यास प्रणालीवरील विश्वास उडेल आणि अशा तुटींवरून सब-पोस्टमास्टरांवर चालू असलेल्या खटल्यांवर परिणाम होईल, अशी चिंताही त्याच टिपणात आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय वंशाच्या सब-पोस्टमास्टर सीमा मिश्रा यांच्यावर असाच खटला उभा राहिला. नोव्हेंबरमध्ये त्यांना 15 महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या.

2015 मध्ये स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथे 8,000 पौंडांची रोकड नोंदवताना संगणकाचा पडदा पुढे सरकेना, म्हणून कर्मचाऱ्याने तेच बटण पुन्हा पुन्हा दाबले आणि प्रणालीने चार वेळा मिळून 32,000 पौंड जमा करून घेतले. फुजित्सुने मागे जाऊन तपासले, तेव्हा 2010 पासूनच्या अशा 112 घटना हाती लागल्या. त्यांतील बहुतेकांचे आकडे त्या त्या वेळी दुरुस्त झाले होते. बटण पाच वर्षे तसेच होते.

1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक सब-पोस्टमास्टरांवर गुन्हे सिद्ध झाले. 555 जणांनी मिळून पोस्ट ऑफिसविरुद्ध दावा दाखल केला, तेव्हा ज्ञात दोषांची नोंदवही मागण्यात आली. पोस्ट ऑफिसच्या बाजूने आधी तिच्या अस्तित्वाविषयीच शंका घेतली गेली. 16 डिसेंबर 2019 रोजी न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला आणि होरायझनची जुनी आवृत्ती जराही भक्कम नव्हती, असे नमूद केले. त्या निकालात ती नोंदवही पानोपानी उद्धृत आहे.