चार्जशीटमधलं एक वाक्य: नोकरी आणि शेअर बाजार, दोन्ही भांडणांची वकिली बेळगावात

(कॅमेऱ्यासमोर. टेबलावर दोन फायली.)

नमस्कार मंडळी. बेळगावात नोकरीची आणि शेअर बाजाराची भांडणं चालवणारा वकील व्हायचं असेल, तर आजचा विषय तुमचा. टिळकवाडीतलं एक शेअर ब्रोकरचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. काल्पनिक आहे, पण अशा तक्रारी नेहमीच्या. ग्राहकाचं म्हणणं, डीलरनं, म्हणजे ऑर्डर टाकणाऱ्या नोकरानं, न विचारता माझ्या खात्यात ऑप्शनचे सौदे केले आणि चार लाख घालवले. मालक भडकला आणि त्याच दिवशी डीलरच्या हातात चार्जशीट, म्हणजे नोकरीतलं आरोपपत्र, दिली: "तुम्ही ग्राहकाच्या परवानगीशिवाय सौदे केलेत, खुलासा द्या."

इथे दोन फायली तयार झाल्या. डावीकडची नोकरीची, उजवीकडची शेअर बाजाराची. बहुतेक ठिकाणी दोन वेगळे वकील त्या बघतात आणि एकमेकांची फाईल उघडत नाहीत.

सहा महिन्यांनी उजव्या फायलीत ब्रोकर लवादापुढे सांगतो, "ऑर्डर ग्राहकानेच फोनवर दिली होती." ग्राहकाचा वकील शांतपणे डाव्या फायलीतली चार्जशीट पुढे सरकवतो. मालकाच्या सहीनिशी, परवानगी नव्हती म्हणून. आता बचाव काय करणार?

मग चार्जशीट लिहायची कशी? जे कागदावर दिसतंय तेवढंच लिहायचं. "अमुक तारखेच्या अमुक सौद्यांसाठी ग्राहकाने ऑर्डर दिल्याचं रेकॉर्डिंग किंवा लेखी नोंद सापडत नाही. ती ठेवण्याची जबाबदारी तुमची होती. खुलासा द्या." शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांप्रमाणे ऑर्डरचा पुरावा जपण्याची जबाबदारी ब्रोकरवरच आहे, त्यामुळे हा आरोप ठाम उभा राहतो आणि चौकशीआधीच निकाल दिल्यासारखाही होत नाही. पण सौदे खरोखर चोरून झाले असतील, तर शब्दांची कसरत करू नका. आपल्या माणसाच्या कृत्याला ब्रोकर जबाबदार असतोच. ग्राहकाशी बसून तडजोड करा, स्वस्तात पडेल.

आणि हो, डीलर आणि मालक दोघांचं वकीलपत्र एकाच वकिलाने घ्यायचं नाही. गाव लहान आहे, दोघंही ओळखीचे निघतात, तरीही नाही.

(डावी फाईल उघडतो.)

डीलर कायद्याने कामगार आहे का, हा पहिला प्रश्न. व्हिजिटिंग कार्डावर "रिलेशनशिप मॅनेजर" छापलंय म्हणून तो मॅनेजर होत नाही. दिवसभर टर्मिनलवर ऑर्डरी टाकतो, रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, हाताखाली कुणी नाही, तर काम कारकुनी आणि तो कामगार. देखरेखीचं काम असेल तर पगार बघायचा. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात मर्यादा महिना 10,000 रुपये होती, औद्योगिक संबंध संहितेत ती 18,000 झाली. चारही श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्याआधीची प्रकरणं जुन्या कायद्याच्या भाषेत चालू आहेत, म्हणजे आज शिकणाऱ्याला दोन्ही वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

कामगार ठरला तर आधी लेबर ऑफिस. आपल्याकडे पाटीवर कन्नडमध्ये "कार्मिक इलाखे" असतं. तिथे तडजोड अधिकाऱ्यापुढे अर्ज, आणि 45 दिवसांत मिटलं नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं. कामावरून काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, आणि ती तीन डोक्यात धरून बसलेले लोक अजून भेटतात. कामगार ठरला नाही तर दिवाणी दावा. खासगी नोकरीत तिथे नुकसानभरपाई मिळू शकते, पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम साधारणपणे मिळत नाही. सगळी लढाई या पहिल्या प्रश्नावर होते ती म्हणूनच.

नव्या वकिलाला इथेच पहिला धक्का बसतो. तडजोड अधिकाऱ्यापुढे वकिलाला उभं राहता येत नाही. न्यायाधिकरणातसुद्धा समोरच्याची संमती आणि परवानगी लागते. युनियनचा पदाधिकारी मात्र बिनधास्त बसतो. त्यामुळे पहिल्याच तारखेला समोरचा वकील दिसला आणि तुमची हरकत असेल, तर ती त्याच दिवशी लेखी द्या. गप्प राहिलात की मूक संमती धरली जाऊ शकते.

आता ग्रॅच्युइटी, कारण डीलरची नोकरी 11 वर्षं 7 महिन्यांची आहे.

(स्क्रीनवर: वेतन × 15 ÷ 26 × वर्षं)

सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे 12 वर्षं. एकूण पगार 36,400, पण स्लिपवर बेसिक फक्त 12,000 आणि बाकी सगळे भत्ते. जुन्या पद्धतीने 12,000 वर हिशोब केला तर साधारण 83,077 रुपये. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनात धरतात. ढोबळ हिशोबाने वेतन 18,200 होतं आणि ग्रॅच्युइटी 1,26,000. एका व्याख्येत जवळपास 43,000 चा फरक. पगाराची स्लिप न मागता ग्रॅच्युइटीचा अर्ज लिहू नये, ते यासाठी.

मालक म्हणेल, चार लाखांचं नुकसान झालंय, एक पैसा देणार नाही. नुकसानीइतकी ग्रॅच्युइटी जप्त करता येते, पण त्याच कारणावरून नोकरी गेलेली हवी, बाजू मांडायची संधी दिलेली हवी आणि नुकसानीचा आकडा हुकमात हवा. नुसतं तोंडी "वळती केली" चालत नाही.

(उजवी फाईल.)

ग्राहकाने आधी ब्रोकरकडे लेखी तक्रार करायची. मग सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर, घटनेपासून वर्षाच्या आत. ब्रोकरला 21 दिवस मिळतात. उत्तर पटलं नाही तर 15 दिवसांत फेरतपासणी मागायची. हे 15 दिवस हमखास चुकतात, कारण उत्तर मेलवर येतं आणि मेल मुलाच्या मोबाईलवर असतो. त्यानंतर स्मार्ट ओडीआर, म्हणजे ऑनलाइन वाद मिटवण्याचं पोर्टल: आधी समेट, नाही जमलं तर लवाद, सगळं ऑनलाइन. सेबीने स्वतः कुणाविरुद्ध हुकूम काढला असेल तर अपील 45 दिवसांत, मुंबईच्या रोखे अपील न्यायाधिकरणात. तिथे सीए आणि कंपनी सेक्रेटरीही उभे राहू शकतात, म्हणजे स्पर्धा फक्त वकिलांची नाही.

पुरावा म्हणून तीन गोष्टी मागा: काँट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती), खात्याचा लेजर (जमाखर्चाचा उतारा), एक्स्चेंजचे एसएमएस. एसएमएस येत असूनही ग्राहक चार महिने गप्प होता, तर समोरचा तेच पकडणार. तेव्हा पहिल्या भेटीतच विचारून घ्या, "मेसेज कधी बघितला?"

पण खरं सांगायचं तर बेळगावात रोजचं काम अशा मोठ्या भांडणांचं नाही. ते आहे आजोबांच्या ट्रंकेतल्या शेअर सर्टिफिकेटांचं. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही की शेअर आयईपीएफ या सरकारी गुंतवणूकदार निधीत जातात, परत मिळवायला आयईपीएफ-5 अर्ज. अर्ज अडतो तो नावावर. सर्टिफिकेटवर "मारुती"चं इंग्रजी स्पेलिंग साध्या टीने, आधारवर कानडी पद्धतीने टीएच लावून. आजीचं तर लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. पत्त्यात जुनं बेळगाव आणि 1 नोव्हेंबर 2014 नंतरचं बेळगावी. प्रत्येक फरकाला प्रतिज्ञापत्र, आणि सगळ्या कागदांवर वारसांची नावं एकसारखी. कंटाळवाणं काम आहे, पण ज्युनिअरचं घर यावर चालतं.

सीमाभागाची आणखी एक गंमत. निपाणीचा माणूस निपाणीत कामाला असेल तर रिट धारवाडच्या खंडपीठात. तोच कागलच्या एमआयडीसीत जात असेल तर सगळं महाराष्ट्रात, आणि उच्च न्यायालय म्हणजे 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंच. राहण्याचा पत्ता नव्हे, कामाची जागा बघायची. बँकेतला किंवा विमा कंपनीतला असेल तर अधिकार केंद्राचे, राज्याच्या लेबर ऑफिसात दिलेला अर्ज वाया.

शिक्षणाचं थोडक्यात. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन. बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज आणि केएलईचं बेल्लद कॉलेज, विद्यापीठ हुबळीचं. नोंदणी कर्नाटक बार कौन्सिलकडे. 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खुल्या वर्गाला 750 रुपयांच्या वर नोंदणी फी घेता येत नाही. पुढे दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा. शेअर बाजाराकडे वळायचं असेल तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची तीन-ए ही अनुपालनाची (नियमपालनाची) परीक्षा द्या, कायद्याच्या पदवीत हे व्यवहार शिकवत नाहीत. ब्रोकरकडे पगारी अनुपालन अधिकारी झालात तर सनद स्थगित ठेवावी लागते. दोन्ही एकदम नाही.

मराठीत अशील बोलणार, तालुक्याच्या कोर्टात जबानी कन्नडमध्ये, सेबीचा कागद इंग्रजीत. कन्नड नुसतं बोलता येऊन भागत नाही, हस्ताक्षरातलं वाचता आलं पाहिजे.

आणि फी. "पैसे मिळाले की वीस टक्के देतो" असं कामगार हमखास म्हणतो, कारण त्याच्याकडे आत्ता पैसे नसतात. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर टक्केवारी घेणं बसत नाही. टप्प्याटप्प्याने ठरवा: अर्जाचे इतके, उलटतपासणीचे इतके, युक्तिवादाचे इतके. मराठीत एका कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत त्याच्या हातात द्या.