वारं गेलं, पण कुठं?

सुरुवात पंख्यापासून करतो. मघाशी मी येऊन बसलो तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कार्यकर्त्याला खुणेनं बोलावलं आणि डोक्यावरचा पंखा बंद करायला लावला. एप्रिल महिना, माझा सदरा पाठीला चिकटलाय. पण आजोबांच्या गळ्याला मफलर आहे आणि व्याख्यानाचा विषय आहे पक्षाघात. (हशा) हसू नका, त्यांनी केलं ते भाषेला धरूनच केलं. स्ट्रोकला आपण काय म्हणतो? 'अंगावरून वारं गेलं.' मग वाऱ्याला जपायला नको?

माझं भांडण आहे ते याच वाक्याशी. एकतीस वर्षं तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस केली, आणि रोगापेक्षा या वाक्यानं मला जास्त छळलं. व्याकरण बघा. कर्ता वारं, क्रियापद 'गेलं', काळ भूतकाळ. आलं आणि गेलं, विषय संपला! मागे उरलं वाकडं तोंड आणि लुळा हात. आता घाई कशाची? चोर पळाल्यावर रात्री धावाधाव करण्यापेक्षा सकाळी फिर्याद देऊ, असा तो हिशोब. प्रत्यक्षात चोर घरातच असतो, कपाट उपसत. रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते आणि पलीकडचा मेंदू मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी गमावत असतो. व्याकरणातच बोलायचं तर हा चालू वर्तमानकाळ. त्यात गंमत अशी की मेंदूला स्वतःला दुखत नाही. छातीत कळ आली की माणूस ओरडतो, घर जागं होतं. इथं बहुतेक वेळा माणूस नुसता गप्प होतो. मग घरचे म्हणतात, झोपू द्या, उठल्यावर बरं वाटेल.

एक गोष्ट सांगतो. माझ्या घरच्यांनी ती इतक्यांदा ऐकलीय की आमच्या सौभाग्यवती मागच्या रांगेतून आत्ताच बाहेर गेल्या. (हशा)

एक बाई नवऱ्याला जीपमध्ये आडवं घालून घेऊन आल्या. उजवी बाजू लुळी, वाचा बंद. मी विचारलं, "मावशी, किती वाजता झालं?" म्हणाल्या, "पहाटं." मी म्हटलं, "पहाटे म्हणजे किती?" "घड्याळ कुठं बघायचं जी त्या वक्ताला?" मी चिडलो. तेव्हा मी फार चिडायचो. त्या शांतपणे म्हणाल्या, "डाक्टर, मुक्कामाची गाडी सुटली तवा त्यांनी कपबशी नीट हातात धरली हुती. दोन गायींच्या धारा काढून आत आले, तर कप पडलेला आन शब्द फुटंना."

मुक्कामाची एसटी पावणेसहाला सुटते, म्हणजे तेव्हा सुटायची. दोन गायींना वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे पावणेसहा ते सव्वासहा! 'रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला' हा आमच्या शास्त्रातला पहिला प्रश्न, कारण उपचाराचं घड्याळ तिथून सुरू होतं. इतकं चोख उत्तर मला शिकल्यासवरल्या घरांतून क्वचित मिळालं. तिथं बहुधा 'सकाळी कधीतरी' असतं.

मी भिंतीकडे बघितलं. दुपारचे साडेतीन. "मग मधे कुठं होता?" आधी चुलत्यानं गरम तेलानं अंग चोळलं. मग कुणीतरी म्हणालं, कबुतराचं रक्त लावा. तर कबुतर शोधण्यात दोन तास. मग तीन गावं पलीकडे एक वारं उतरवणारा आहे, तिकडे. तिथं रांग होती. नंबर लावावा लागला, मंडळी! मग वाटेत एका ठिकाणी सलाईन. आणि मग मी.

त्या रांगेचा मी बरीच वर्षं विचार केला. लोक वेडे नसतात, रांग लागते त्याला कारण असतं. एक म्हणजे, तोंड वाकडं होण्याचा एक निराळाच आजार आहे, बेल्स पाल्सी. त्यात मेंदू शाबूत असतो, चेहऱ्याची नस सुजते, आणि बहुतेकांना काही आठवड्यांत, कुणाला काही महिन्यांत आपोआप उतार पडतो. त्याचं श्रेय त्या महाराजांना. दुसरं, काहींना छोटा झटका येतो आणि तासाभरात सगळं पूर्ववत होतं. त्याचंही श्रेय त्यांनाच. खरं तर तो छोटा झटका ही नोटीस असते. पुढच्या दोन-चार दिवसांतच मोठा येण्याचा धोका सगळ्यांत जास्त. पण ज्याचा हात परत आला तो गावभर सांगतो, आणि ज्याचा नाही आला तो बोलूच शकत नाही. जाहिरात एकतर्फी होते.

आणि आम्ही डॉक्टर काही धुतल्या तांदळाचे नव्हतो. ऐंशीच्या दशकात झटक्याच्या रुग्णासाठी निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची कॅप्सूल सुईनं टोचायची, थेंब जिभेखाली सोडायचे, दाब धाडकन खाली, नातेवाईक खूश. मीही टोचल्यात. आधीच रक्ताला आसुसलेल्या मेंदूचा उरलासुरला पुरवठाही आपण तोडतोय, हे नंतर कळलं. ते कबुतर माझ्यापेक्षा निरुपद्रवी म्हणायचं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटे.' पत्रिकेवर विषय छापलाय, 'विकसनशील प्रदेशांतील पक्षाघात : कारणे आणि सार्वजनिक आरोग्य'. तर आता विषयाला सुरुवात करतो. (हशा)

जगात वर्षाला एक कोटीहून अधिक नवे झटके येतात, मृत्यू 70 लाखांच्या आसपास, आणि त्यांतले 80 टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. 1970 नंतरच्या चार दशकांत श्रीमंत देशांत नव्या झटक्यांचं प्रमाण 42 टक्क्यांनी घटलं, आपल्यासारख्या देशांत दुपटीवर गेलं. हा खात्यापित्या शहरी माणसाचा रोग, असं आम्हाला शिकवलं होतं. मग गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्य संस्थेच्या मंडळींनी 86 गावांतले 2011 ते 2013 मधले मृत्यू घरोघर जाऊन तपासले. पहिल्या क्रमांकाचं कारण काय निघालं? हिवताप नाही, साप नाही. स्ट्रोक. सातातला एक मृत्यू. आणि त्यांतले 87 टक्के घरीच. दवाखान्याची नोंदवही बघून हा रोग कधी दिसलाच नसता.

कारणं भराभर सांगतो. पहिलं, दुसरं आणि तिसरं रक्तदाब. (हशा) खरंच. मग तंबाखू, त्यात बायकांची मशेरीही धरा, मधुमेह, दारू, चुलीचा धूर, आणि मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, आपण लोणचं-पापडासकट त्याच्या दुपटीकडे जातो. गरिबीची म्हणून काही खास कारणं आहेत. लहानपणी घसा दुखून सांधे सुजतात, पुढे हृदयाची झडप आकसते, तिथं गुठळी होते आणि पंचविशीतल्या मुलीचा हात लुळा पडतो. दर तीन आठवड्यांच्या पेनिसिलिननं टळणारी गोष्ट! विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे लहान मुलांना झटके येतात. आणि बाळंतीण. पोट सुटेल म्हणून तिला पाणी तोडतात. रक्त घट्ट होतं, मेंदूच्या शिरेत गोठतं, डोकं फुटेस्तोवर दुखतं, फिट येते, आणि घरचे म्हणतात बाहेरची बाधा. बाळंतिणीला पाणी द्या हो!

रक्तदाबाचं एकच सांगतो. 12 एप्रिल 1945 ला रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा दाब 300 वर 190 होता. अमेरिकेच्या अध्यक्षाला जी गोळी मिळू शकली नाही, कारण ती निघालीच नव्हती, ती अॅम्लोडिपिन आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. आणि आपण महिनाभर खाऊन बंद करतो, 'आता नॉर्मल आहे' म्हणून. नॉर्मल आहे ती गोळीमुळे!

झटका आलाच तर तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोली बोबडी, यांतलं एक जरी दिसलं तरी वेळ लिहून ठेवा आणि 108 लावा. पाणी, चहा, कांदा काही नको, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. अॅस्पिरिनही स्वतःच्या मनानं नको. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांत द्यावं लागतं, तेव्हा स्कॅन कुठं आहे हे आजच विचारून ठेवा, त्या दिवशी नको. मावशींच्या वेळी ते यंत्र साठ किलोमीटरवर होतं. साडेसहाला निघाल्या असत्या तर साडेआठला पोचल्या असत्या.

अंथरुणाला खिळलेल्याचं कोण करतं? सून मजुरी सोडते, नातीची शाळा सुटते. हा खर्च कुठल्याच बिलावर येत नाही. फिजिओथेरपिस्ट तालुक्याला एखादा, यावर मला अर्धा तास बोलायचं होतं, पण दुसरी चिठ्ठी आली.

मागच्या टेबलावर दोन सिस्टर मशीन घेऊन बसल्यात. आधी मोजून घ्या, मग चहा. ज्यांनी चहा घेतलाय त्यांनी अर्धा तास थांबा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, आणि मोजताना बोलायचं नाही. मला ते जमत नाही, म्हणून सिस्टर माझा आकडा दहानं कमी धरतात.