बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

ट्रॅक्टरच्या बॅटरीत वरचेवर पाणी घालावं लागतंय, बुचांभोवती ओल दिसतेय, जवळ गेलं की सडक्या अंड्यासारखा वास येतोय, रेस वाढवली की हेडलाइटचे बल्ब उडतायत. यातलं काही दिसलं की आपण म्हणतो, बॅटरी गेली. पण बहुतेक वेळा दुखणं बॅटरीत नसतं. इंजिनवर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर तिला प्रमाणाबाहेर चार्ज करत असतो. मग आतल्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, प्लेटा उघड्या पडतात, आणि नवी बॅटरी लावली तरी तिची तीच गत होते.

हे ओळखायला आकड्यांचा साधा मल्टिमीटर पुरतो. तो डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. आता इंजिन चालू करा, रेस वाढवा. आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान थांबला पाहिजे. पुन्हा सांगतो, १३.८ ते १४.४. पंधराच्या वर चढत गेला, तर जास्त चार्जिंग होतंय. ज्या घरात पाना-पक्कड आहे त्या घरात मीटर हवाच, आणि आठवी-नववीच्या मुलामुलींना तो लावता आलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. शाळेत विजेचे नियम पाठ करून घेतात, मीटर मात्र हातात देत नाहीत.

आता माळशिरस तालुक्यातल्या आप्पांची हकिगत ऐका. आप्पांचा ट्रॅक्टर जुन्या बांधणीचा, चार्जिंगचं व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटात नसून बाहेर, पत्र्याला बोल्टने बसवलेला. ऊस वाहतुकीला लावलेला ट्रॅक्टर, रात्री-अपरात्रीच्या खेपा. आणि हेडलाइट टिकेना. बल्ब बदलला की दोन रात्रींत काळा पडायचा. बॅटरी उकळायला लागली. दुकानदाराने सांगितलं, बॅटरी बदला. बदलली. तीही उकळली. मग कुणी म्हणालं, अल्टरनेटर बदला. तोही बदलला. फरक काही पडेना.

जाता जाता बोलतो. रात्री ऊस नेणाऱ्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर नसेल, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसतच नाही. गाण्यांच्या भोंग्यावर हजारो रुपये घालणाऱ्यांनी आधी ट्रॉलीला रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवावी. रस्त्यावर माणसं मरतात हो.

तर, मी आप्पांच्या अंगणात पोचलो तेव्हा ते नवा रेग्युलेटर आणायला निघालेच होते. म्हटलं, आप्पा, थांबा जरा. मीटर लावला, रेस दिली. १५.८! मग विचारलं, ‘‘पहिला बल्ब कधी गेला?’’

‘‘कारखाना सुरू झाला तेव्हा. त्याआधी वर्षानुवर्षं काही तक्रार नव्हती.’’

‘‘आणि त्याआधी ट्रॅक्टरला काय काम केलं?’’

आप्पा म्हणाले, काहीच नाही. पण ओसरीवरून त्यांच्या सूनबाई बोलल्या, ‘‘असं कसं? दसऱ्याच्या पूजेला रंग नाही का दिला? ह्यांनी सगळं खोलून रंगवलं, ते चौकोनी डबडंसुद्धा.’’

चौकोनी डबडं म्हणजेच रेग्युलेटर! मी काळी वायर बॅटरीच्या मायनसला ठेवली, लाल वायरचं टोक रेग्युलेटरच्या बोल्टला टेकवलं. इंजिन चालू. तिथे जवळपास शून्य यायला हवं. आले दीड व्होल्ट. आता बघा, १५.८ मधून दीड गेले, राहिले १४.३. अर्थ, म्हणजे मायनसकडे परत जाणारी जोडणी, खराब असल्यामुळे रेग्युलेटरला १४.३ च दिसत होते. त्याच्या हिशोबाने सगळं बरोबर चाललं होतं, आणि बॅटरीला मात्र दीड व्होल्ट जास्त जात होते. त्याला अर्थ मिळतो तो त्याच्या अंगातून, बोल्टमधून, पत्र्यातून. मधे बसला होता तांबड्या रंगाचा जाड थर, वरून आणि खालूनही.

इंजिन बंद केलं, बॅटरीची मायनस वायर काढली, रेग्युलेटर सोडवला. सूनबाईंनीच पॉलिश पेपर घेऊन बोल्टाखालची जागा घासली, लोखंड चकाकेपर्यंत. दातेरी वॉशर घातला, आणि रेग्युलेटरच्या बोल्टपासून थेट इंजिनच्या ब्लॉकला एक वेगळी अर्थची वायर दिली. पुन्हा रेस वाढवली. १४.२! आप्पा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. दोन रुपयांचा पॉलिश पेपर, आणि त्याआधी गेलेली बॅटरी नि अल्टरनेटर. मला अजून त्या पैशांची हळहळ वाटते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी मीटर. मग वायरी आणि अर्थ. मग रेग्युलेटर. अल्टरनेटर सगळ्यात शेवटी. रेग्युलेटरला व्होल्टेज कळवणारी बारीक वायर गंजली किंवा ढिली झाली तरी असंच होतं, तीही तपासा. अर्थ चोख, वायरी चोख, तरी आकडा पंधराच्या वर, तर रेग्युलेटर गेला समजा. अल्टरनेटरच्या आत असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. आणि आकडा प्रमाणात असूनही बॅटरी तापत असेल, तर तिचा एखादा सेल शॉर्ट झालेला असू शकतो. तेव्हा मात्र बॅटरीच बदलायची.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघायची सवय काही मिस्त्रींना आहे. तसं करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरच्या आतले डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, जातात. उकळत्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा विडी-काडी लांब, आणि डोक्यावर शेडचं छप्पर असेल तर आधी ट्रॅक्टर मोकळ्यावर काढा. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, ॲसिड नाही. वायर काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. नमस्कार.