नवापूर ते यावल

(दृश्य: नवापूर स्टेशन, सकाळची पॅसेंजर)

हे नवापूर. स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. या तालुक्यात मावची-गावित समाजातली कितीतरी घरं ख्रिस्ती आहेत. जवळच चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल आहे, १९४२ पासूनचं. हीच लाईन धरून पूर्वेला भुसावळला उतरा, तापी ओलांडा, की यावल-रावेरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्लांची गावं लागतात. तडवी मुसलमान आहेत.

दोघंही आदिवासी. वनपट्ट्याचा दावा दोघांचाही. तरी एकमेकांच्या घरचं पाणी क्वचितच प्यालेले.

(दृश्य: तडवी वस्तीतली मशीद)

कुराणातली एकोणिसावी सुरा, म्हणजे अध्याय, मरियमच्या, येशूच्या आईच्या नावाची आहे. इस्लामी परंपरा सांगते, मक्केत छळ सोसणारे सुरुवातीचे मुसलमान समुद्र ओलांडून हबशांच्या देशात, इथिओपियाकडे गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्यांना परत न्यायला मक्केहून माणसं आली, नजराणे घेऊन. राजाने आधी आश्रितांचं ऐकलं. त्यांच्यातल्या जाफरने मरियमच्या सुरेतल्या आयती, म्हणजे ओळी, म्हणून दाखवल्या आणि राजाच्या डोळ्यांना पाणी आलं. त्याने नजराणे परत केले, माणसं दिली नाहीत. ही गोष्ट नवापूरच्या चर्चमध्येही सांगितली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

फरक आहेतच, मोठे आहेत. मुसलमानांसाठी हजरत ईसा, म्हणजे येशू, पैगंबर. ख्रिस्ती माणसासाठी येशू देवाचा पुत्र, वधस्तंभावर मेलेला आणि पुन्हा उठलेला. हे झाकून मैत्री होत नाही. पण पहिल्याच भेटीत वाद घालूनही होत नाही. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी जगभरच्या ख्रिस्ती धर्मगुरूंना खुलं पत्र लिहिलं, तेही देवावरच्या आणि शेजाऱ्यावरच्या प्रेमापासून सुरू केलं.

(दृश्य: चूल, भाकरी थापणारे हात)

आपल्याकडे सुरुवात जेवणापासून करावी. नाताळला तडवी पाहुणे बोलावणार असाल, तर मटण हलालचंच आणा आणि तसं आधीच कळवा, म्हणजे पाहुण्याला विचारायचा संकोच नको. रमजानमध्ये चर्चच्या पाळकांना इफ्तारीला बोलवा. नमाजाच्या वेळी ते कुठे बसतील, त्यांच्याजवळ कोण थांबेल, ते ठरवून ठेवा. आणि बायकांना बोलवायला विसरू नका. घरांची ये-जा त्यांच्यामुळेच सुरू होते.