पाळी आलीये, मग मणक्याचं ऑपरेशन होणार का?

नमस्कार मंडळी. मी भूल देणारी डॉक्टर, मणक्याच्या ऑपरेशन्सना असते. आज जे बोलणारे ते आया मला वॉर्डाबाहेर बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतात, 'डॉक्टर, हिची तारीख नेमकी ऑपरेशनच्या दिवशीच येतेय, जास्त रक्त जाईल का हो, पुढे ढकलायचं का?' वडील तेवढ्यात मोबाईलमध्ये बघायला लागतात.

आजार थोडक्यात सांगते. स्कोलिओसिसमध्ये पाठीचा कणा बाजूला वाकतो, सोबत पिळवटतोही. वयात येणाऱ्या शंभर मुलामुलींत दोन-तीन जणांना थोडाफार असतोच, पण वाढून ऑपरेशनपर्यंत जाणाऱ्यांत मुलीच कितीतरी जास्त. बाक साधारण ४५-५० अंशांच्या पुढे गेला की सर्जन स्क्रू आणि रॉड टाकायचं बोलतात.

आता रक्ताचं. यात रक्त जातं, कधी अर्धा लिटर, कधी लिटरभर, कधी त्याहून जास्त, आणि ४० किलोच्या मुलीच्या अंगात एकूण रक्तच पावणेतीन लिटरच्या आसपास असतं. पण ते येतं हाडातून आणि मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून, गर्भपिशवीतून नाही. अख्ख्या पाळीत मिळून सरासरी ३०-४० मिली जातं, म्हणजे तुमचे दोन-तीन मोठे चमचे. हॉर्मोन्सचा रक्त गोठण्यावर थोडा परिणाम असतो हे खरंय, पण टेबलावर किती जाणार ते किती मणके जोडायचेत, किती तास लागतात यावर जास्त ठरतं, त्यामुळे नुसती पाळी आली म्हणून सहसा कोणी ऑपरेशन रद्द करत नाही. सिस्टरला सांगायचं, पॅड लावायचं, बस.

मुलीला पालथं झोपवतो ना, तेव्हा आमची सगळ्यात जास्त खटपट पोटासाठी चालते. छातीखाली आधार, कमरेच्या हाडांखाली आधार, पोट मात्र अधांतरी, आणि मी दरवेळी खाली हात घालून बघते की कुठे टेकत नाहीये ना, कारण पोट दाबलं गेलं की तिथलं रक्त मणक्याच्या शिरांमध्ये तुंबतं आणि मग सर्जनने कितीही सांभाळून काम केलं तरी झिरपत राहतं. शिवाय ट्रानेक्सॅमिक अॅसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध देतो. हे औषध जपानच्या डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने शोधलं, १९६२ मध्ये जगासमोर आलं, बाळंतपणात बायका रक्तस्रावाने दगावतात ते थांबावं म्हणून त्या बाई मागे लागल्या होत्या. गंमत बघा, पाळीत फार जातं म्हणून गायनॅक ज्या गोळ्या देतात त्यातही हेच असतं.

म्हणजे मला तारखेशी फारसं घेणंदेणं नाही, मला गेल्या सहा महिन्यांची पाळी कशी होती ते हवंय. एक-दोन तासांत पॅड भिजतं का, आठ-आठ दिवस चालतं का, मोठ्या गाठी पडतात का, घोळणा फुटतो का, दात काढला तेव्हा रक्त थांबायला वेळ लागला का. काही मुलींना रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात दोष असतो आणि तो पहिल्यांदा पाळीतच दिसतो, पण घरात 'आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं' म्हणून विषय संपतो. हे आधी कळलं तर तपासण्या होतात, तयारी होते. पोटात दुखतं म्हणून कुठली गोळी घेते तेही सांगा, त्यातल्या काहींनी रक्त गोठायला उशीर होतो.

आणि कृपा करून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मनाने देऊ नका, सत्यनारायणाला देतात तशा! ती हॉर्मोन्स आहेत, त्यातल्या काहींनी शिरेत गुठळी व्हायचा धोका वाढू शकतो.

खरी काळजी हिमोग्लोबिनची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना अॅनिमिया निघाला. हिमोग्लोबिन ९ वर असलेली मुलगी टेबलावर आली की बाहेरचं रक्त द्यायची वेळ लवकर येते, आणि ते ९ चं ११-१२ व्हायला आठवडे लागतात, आदल्या रात्री बीट खाऊन होत नाही. म्हणून तारीख ठरली की लगेच तपासा, लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा सुरू करा, लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नको. गोळ्यांनी शी काळी होते, घाबरून बंद करू नका, बद्धकोष्ठ झालं तर आम्हाला सांगा, गोळी बदलून देता येते.